पोत्याखालचा गंज

मी चित्रकलेचा मास्तर होतो आणि भाषणं फार करायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला ग्रह व्हायला नको. अमरावतीच्या आमच्या शाळेत समतेवर बोलायचं झालं की हेडमास्तर मलाच पुढे करत. मीही घसा बसेपर्यंत बोलायचो. लोक टाळ्या वाजवत, आणि टाळ्या वाजल्या म्हणजे काम झालं असं मला वाटे.

बासष्ट साली खेड्यापाड्यांत दाखवायला बाहुल्यांचे खेळ बसवायची टूम निघाली. हातात मोज्यासारखी चढवून नाचवायची, तसली कापडी बाहुली. आमच्या भागाचं हे काम वामनराव नावाच्या साहेबांकडे होतं आणि त्यांनी ते लिहिण्या-शिवण्यासकट माझ्या गळ्यात घातलं. मी गोष्ट लिहिली. एका गावातला पाणवठा सगळ्यांना खुला होतो, एवढीच गोष्ट. शेवटी सगळ्या बाहुल्या आपापलं पागोटं, टोपी, पदर काढून ठेवतात, आणि पाटील कोणता नि महार कोणता हे बघणाऱ्याला सांगताच येत नाही. कारण सगळ्यांचे चेहरे एकाच कापडाचे, एकाच रंगाचे. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती थोपटलेली पाठ घेऊन मी दोन दिवस गावभर हिंडलो.

म्हणजे सगळा खेळ रंगावर आला. कापड होतं पांढरी फलालीन, एका अंगानं लव असलेली, तान्ह्या पोरांची अंगडी शिवतात तसली. चेहऱ्याला ती फार छान दिसते, पण रंगवायला महाद्वाड. लव रंग भराभर पिते, खालची वीण पीत नाही. मी अर्धा वार बादलीत बुडवून पाहिला तर बाहेर निघाला जिल्ह्याचा नकाशा. वर्गातल्या पोरांना दाखवला असता तर त्यांनी त्यात तालुके दाखवले असते.

तेव्हा मला देवमन भेटला. तो अकोल्याचा. तिथल्या एका कापड मिलीच्या रंगखात्यात सहा वर्षं होता. माणसं कमी केली त्यात याचंही नाव आलं, म्हणून अमरावतीला चुलत्याकडे राहून काम शोधत होता. माझ्याच वयाचा, तिशीतला. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला. मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला गुरुजी, तुमी म्हणायचा. यात काही खटकावं असं तेव्हा मला दिसलं नाही, भाषणं करूनसुद्धा. मी त्याला साहेबांपुढे उभं केलं. साहेब म्हणाले, "पहिलं कापड नीट रंगवून दाखवू दे. जमलं तर याला बाहुल्यांच्या पथकात कायमचा घेऊ." घरी त्याची आई आणि लग्नाची बहीण होती. त्याचं सगळं या बारा वार फलालीनवर येऊन ठेपलं होतं, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

देवमननं कापड नुसतं बोटांत चोळलं आणि म्हणाला, "खळ हाय यात. आधी सोड्यात धुवाव लागंन. मंग रातभर साध्या पान्यात भिजू द्याचं. कोरड्या कापडाले रंग देल्ला का डाग बसलाच." मग तो बराच वेळ सांगत राहिला. रंगाची पुडी गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळायची. मीठ एकदम टाकायचं नाही, तीन वेळा टाकायचं, आणि टाकताना कापड बाहेर काढायचं. काठीनं एकसारखं खालवर करत राहायचं, विडी प्यायलासुद्धा थांबायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं. मास्तराला वहीत लिहिलं की आपल्याला आलं असं वाटतं.

शेवटी तो म्हणाला, "बारा वार हाय, गुरुजी. कापडाले पोहता आलं पाह्यजे. दाटलं का गेलं. मोठा गंज लागंन, पंगतीचा. तुमच्याइथं हाय का?"

होता. आमच्या हिवरखेडच्या घरचा, माझ्या वडिलांनी घडवून घेतलेला पितळी गंज, म्हणजे पंगतीचा भात शिजवायचं थोरलं पातेलं. दोन माणसांनी उचलायचा. काठावर त्यांचं नाव खोदलेलं, 'पंजाबराव, हिवरखेड'. वडील गेल्यावर आई माझ्याकडे अमरावतीला राहायला आली तेव्हा कपड्यांची पेटी राहिली तरी चालेल पण गंज आलाच पाहिजे म्हणून अडून बसली होती. परसात न्हाणीशेजारी तो पालथा असायचा. देवमन ज्या दारात उभा होता तिथून तीस पावलांवर.

मी म्हणालो, "होता, पन हिवरखेडले गेला. चुलतभावाकडे लग्न हाय."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच चाट पडलो. मी आत जाऊन आईला विचारलंसुद्धा नव्हतं. ती नाही म्हणेल, देवमनचा हात लागलेलं भांडं तिला चालायचं नाही, हे मीच धरून चाललो, आणि तिच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला थाप मारणं मला सोपं गेलं. रंगानं भांडं खराब झालं असतं, हे कारण मला फार नंतर सुचलं. चांगलं कारण आहे. पण त्या दिवशी ते माझ्या मनात नव्हतं, आणि आता वयाच्या या टोकाला मी ते घालून मिरवणार नाही.

देवमन म्हणाला, "मंग घासलेटचे डबे पाहू. चार डब्यांत चार भाग करून रंगवू. पन सांगून ठेवतो, गुरुजी, भरवसा नाई."

दुसऱ्या दिवशी काम आमच्याच परसात होतं. मागच्या दारानं त्याला आत घेतो, चुलीला लाकडं देतो, याचाच मला केवढा अभिमान. पण तो यायच्या आधी सकाळी उठून मी काय केलं, तर गंजावर तुरीचं एक रिकामं पोतं टाकलं आणि त्यावर दोन गोवऱ्या ठेवल्या. आईनं चुलीपुढून विचारलं, "काय करून राहिला रे?" मी म्हटलं, "काही नाही. धूळ बसते."

देवमननं दिवसभर कष्ट केले. चारही डब्यांत रंग तोलून मापून सारखा, मीठ सारखं, आच सारखी. तो या डब्याकडून त्या डब्याकडे धावत होता, आणि कापड डब्यात कोंबलेलं, काठी फिरायला जागा नाही. वाफेनं त्याचे डोळे लाल झाले होते. मी त्याला पाणी दिलं, तेही वरून ओंजळीत. दुपारी कापड वाळवायची वेळ आली. दोरीवर टांगलं तर रंग खालच्या काठाला उतरतो, म्हणून सावलीत आडवं पसरायचं असतं. जमिनीवर घालायला त्याला काहीतरी हवं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. तो न्हाणीकडे गेला, त्यानं गोवऱ्या बाजूला ठेवल्या आणि पोतं उचललं.

बसून त्यानं काठावरचं नाव वाचलं असावं, कारण त्याची मान तशी फिरली. मग पोतं होतं तसं परत टाकलं, कोपरे सारखे केले, गोवऱ्या जागच्या जागी ठेवल्या आणि आपल्या पिशवीतलं धोतराचं पान काढून त्यावर कापड पसरलं. मला त्याच क्षणी बाहेर जाऊन बोलायला हवं होतं. मी खिडकीतून मागे सरलो आणि हातात उगाच तांब्या घेतला. लाज वाटली, पण पाय काही दाराकडे वळले नाहीत.

कापड वाळलं. चार डब्यांचे चार रंग, आणि प्रत्येकात पांढुरके चट्टे. त्याच्या बाहुल्या शिवल्या असत्या तर अख्ख्या गावाला कोड फुटल्यासारखं दिसलं असतं.

शनिवारी साहेब पाहायला आले. कापड हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे कोणाचं काम?"

मी म्हणालो, "देवमनचं, साहेब. मिलीत होता म्हणतात."

'म्हणतात.' मी स्वतः त्याची मिलीची चिठ्ठी वाचली होती. इतकी वर्षं झाली, अजून हा एक शब्द आठवला की मी घरात एकटा असलो तरी मान खाली घालतो.

देवमन माझ्या शेजारीच उभा होता. तो साहेबांना म्हणाला, "भांडं लहान पडलं, साहेब."

"मग मोठं मागायचं होतं. मास्तर, तुमच्याकडे नव्हतं का?"

देवमननं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी खरं बोललो असतो, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. मी म्हणालो, "नव्हतं, साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. नवं कापड मिळण्यासारखं नव्हतं. ते दुसरा माणूस बघू म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात देवमन म्हणाला, "आठ दिवस द्या. हेच कापड नीट करून आनतो. रंग थोडा गडद होईन." साहेबांनी आठ दिवस दिले. देवमननं कापडाचं गाठोडं बांधलं आणि अकोल्याची मोटार धरली. जाताना मला 'जय भीम' म्हणाला. मी 'हो, हो' म्हणालो.

आठव्या दिवशी तो आला. सोड्यात उकळून पहिला रंग उतरवला होता आणि नवा चढवला होता. बारा वार कापड टेबलावर पसरलं तेव्हा साहेब खुर्चीतून उठले. या काठापासून त्या काठापर्यंत एकच रंग, नांगरलेल्या शेतात उभ्या राहणाऱ्या माणसाचा. लवेवर हात फिरवला तरी कुठे फिकट नाही. साहेबांनी विचारलं, "कसं केलंस?" तो म्हणाला, "भांडं भेटलं." एवढंच. त्याची नेमणूक तिथल्या तिथे झाली.

मला हायसं वाटलं. झालं गेलं मिटलं, असंच मी धरलं. खेळ चांगला चालला, माझं नाव छापून आलं. देवमन बाहुल्या शिवायचा, नाचवायचा, त्यांचे डोळे रंगवायचा, आणि माझ्याशी पूर्वीइतकंच बोलायचा. त्याच्या वागण्यात मी काही शोधत असायचो, पण सापडायचं नाही.

चैत्रात अकोल्याला खेळ झाला, त्याच्याच वस्तीत. खेळ संपल्यावर तो म्हणाला, "घरी चाला, गुरुजी. माय वाट पाहून राहिली." गेलो. त्याची आई चतुराबाई. तिनं कपबशी पुढे केली आणि मी चहा प्यालो. प्यालो, आणि आपण प्यालो याची मनातल्या मनात शाबासकीही दिली. मी कसला माणूस होतो ते एवढ्यावरून कळावं.

अंगणात निंबाखाली एक मोठा गंज होता. आमच्या गंजापेक्षा थोडा लहान, पण पितळीच. त्यात पाणी भरलेलं आणि एक गाय ते पीत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "एवढ्या चांगल्या भांड्यात गायीले पानी?"

चतुराबाई म्हणाली, "आता तो शिजवाले चालत नाई, गुरुजी. देवमननं त्यात तुमच्या बाहुल्यांचा कपडा रंगवला. मिलीचा नियम हाय त्याचा, रंगाच्या भांड्यात अन्न नाई. कल्हई केली तरी नाई. दुसऱ्याच्या पोटाची जोखीम कोन घेईन?"

"तुमच्या घरचा होता?"

"घरचा कायचा, वस्तीचा. छप्पन साली आमी देव सोडले ना. कोनी नदीत सोडले. आमच्या वस्तीनं कासाराले देल्ले. घरोघरचे टाक, समया, घंट्या, जे पितळ होतं ते सारं. त्याच्या बदल्यात हा गंज घेतला. आमच्या लग्नाले कोनी भांडं देत नव्हतं, म्हनून." तिनं गायीला हातानं बाजूला सारलं. "देवमननं सांगतलं, नोकरी जाते. वस्ती बसली, म्हने घेऊन जा. भांडं काय, अजून होईन."

घरोघरचे देव देऊन घेतलेलं भांडं त्यांनी एका बैठकीत देऊन टाकलं होतं, माझ्या खेळासाठी. माझ्या खेळात पाणवठा सगळ्यांना खुला होत होता.

चतुराबाई पुढे म्हणाली, "तुमचा गंज तवा हिवरखेडले गेला होता म्हने. देवमन सांगे, नाईतर गुरुजींनं देल्लाच असता. आला का वापस?"

देवमन भिंतीला टेकून एका बाहुलीची बाही शिवत होता. त्यानं दोरा दातानं तोडला. माझी थाप त्यानं घरी खरी म्हणून सांगितली होती. माझी अब्रू त्यानं राखली होती, आणि तिचं काय मोल होतं हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"आला," मी म्हणालो.

"मंग तेवढं करा. शकुनचं लग्न हाय पंधरा दिवसांनं. भाताले भांडं नाई. द्या दोन दिवस."

शकुन म्हणजे देवमनची बहीण. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घरी आलो. आई जवस निवडत बसली होती. जे मी देवमननं गंज मागितला त्या दिवशीच विचारायला हवं होतं ते आता विचारलं. "आई, गंज पाह्यजे होता. अकोल्याले, देवमनच्या बहिणीच्या लग्नात."

आईची बोटं थांबली नाहीत. सुपातले दोन खडे तिनं बाजूला टाकले, मग म्हणाली, "ने. पन परत आनू नको."

राग नाही, काही नाही. त्यांनी शिजवलं की आपल्या कामाचा नाही, एवढा सरळ हिशेब. वडिलांचं नाव असलेला गंज ती द्यायला तयार होती, परत घ्यायला नाही. माझी सगळी भाषणं मला तोंडपाठ होती. त्यातलं एखादं वाक्य त्या दिवशी आईपुढे म्हटलं असतं तरी माझा जन्म थोडा बरा गेला असता. मी दोरी आणायला गेलो.

मोटारीच्या टपावर गंज बांधून अकोल्याला नेला. वस्तीतली माणसं उतरवून घ्यायला धावली. चतुराबाई म्हणाली, "परवा पोचवून देतो आमी, घासूनपुसून." मी म्हणालो, "परत नका देऊ. आईनं भेट दिला."

ही थाप तर सगळ्यांत सोपी गेली. नुसते शब्द पाहिले तर ती धड थापही नव्हती. चतुराबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं गंजाला हळदकुंकू नाही लावलं, आता ते करत नव्हते. नुसता दोन्ही हातांनी काठ धरला आणि उभी राहिली. मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या मनाची माय तुमची. तिचं नाव टाकलं पाह्यजे यावर. देवमन, छिन्नी आन."

आमच्याकडे दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. कोणी दिलं ते पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून.

देवमन छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन आला. गंज आडवा करून समोर बसला. वडिलांच्या नावाखाली त्यानं अंगठ्यानं जागा पुसली. बायका भाताच्या तयारीला पांगल्या. आम्ही दोघंच उरलो.

"काय टाकू, गुरुजी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. साहेबांपुढे पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. तो थांबला होता, घाई करत नव्हता. मला वाटतं त्यानं मला तेवढा वेळ मुद्दाम दिला. आई म्हणाली परत आणू नको, पोतं मी टाकलं होतं, साहेबांना मी खोटं सांगितलं, देवमन, माझं चुकलं. एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणालो, "माणिकबाई, अमरावती, यांजकडून भेट. असं टाक."

तो खोदायला लागला. टिंबाटिंबांनी अक्षर उमटत होतं, सगळी टिंबं सारख्या अंतरावर, सारख्या खोलीची. घाईचा एकही घाव नाही. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यानं कीस फुंकून टाकला, पंच्यानं काठ पुसला आणि छिन्नी खिशात ठेवली.

मग उठता उठता हळूच म्हणाला, "ते पोतं बी आनाचं होतं, गुरुजी. झाकाले कामी आलं असतं."

आणि भातासाठी पाणी आणायला निघून गेला.